केरसुणीच्या जागी व्हॅक्युम

३ सप्टेंबर
काल गौरी-गणपती गेले, आज तुळसा गेली. हातखंब्याला, भावाकडे, म्हणजे दादूकडे. कारण काय, तर खोकला. डॉक्टर म्हणाले धुळीची ॲलर्जी. ती म्हणाली, धुळीची नाही, तुमच्या यंत्रांची. बायकोने नवऱ्याला दारात उभं करून सुनावावं, जनी शेजारीण कुंपणावरून ऐकत असताना! लक्ष्मीपूजनाला येईन म्हणाली. घरात श्वास घेता आला तर राहीन, नाहीतर दादूकडेच बरी.
ठीक आहे. चॅलेंज घेतलं. ज्या घरात अकरा व्हॅक्युम क्लीनर आहेत त्या घरात धूळ कशी असेल? काहीतरी बोलायचं म्हणून बोलायचं.

४ सप्टेंबर, सकाळ
संकल्प. दिवाळीपर्यंत सगळी यंत्रं चालू करायची. माळ्यावरची, पडवीतली, तिच्या शिलाई मशीनवर ठेवलेलीसुद्धा. सगळी जुनी, उभी, दांड्याला धरून ढकलायची. पुढे दिवा, मागे कापडी पिशवी. आखातातून येताना लोकांनी हौसेने आणली आणि माळ्यावर टाकली. त्यांना किंमत नाही, मला आहे. लोक पोस्टाची तिकिटं जमवतात, त्यांच्या बायका माहेरी जात नाहीत.
संध्याकाळ: आज सुरुवात करणार होतो. पाऊस लागला. दमट हवेत मोटर उघडू नये.

११ सप्टेंबर
पिशव्या झटकल्या. पडवीतच झटकल्या, बाहेर चिखल. कुठली कुठली वाळू निघाली! पस्तीस वर्षांपूर्वीची कुवेतची धूळ आमच्या नाचणे गावातल्या पडवीत, हा इतिहास आहे. थोडी आत गेली. पंखा चालू होता, त्याला मी काय करणार?
जनी धावत आली, काय जळतंय काय ओ म्हणाली. म्हटलं धूर नव्हे, धूळ. मग वहिनी गेली ता बरा झाला, म्हणाली. हिला यापुढे पडवीच्या आत घेणार नाही.

१९ सप्टेंबर
तुळसाला फोन. प्रगती सांगितली. तिने विचारलं, केर कधी काढलात? म्हटलं, हाताने केर काढायचे दिवस गेले, एक यंत्र चालू झालं की अख्खं घर पाच मिनिटांत. तिने विचारलं, एक तरी चालू झालंय का? टप्प्याटप्प्याने काम म्हणजे काय ते या बाईला कळत नाही. कधी कळलं नाही.
फोनवर एकदाही खोकली नाही. बहुतेक मुद्दाम.

२८ सप्टेंबर
एक चालू झालं! कुवेतचं. आतला रबरी पट्टा तुटला होता, सायकलच्या ट्यूबचं कडं कापून घातलं. ब्रश गरगर फिरला. फक्त ही जात गालिच्यावर चालणारी, आणि आपल्याकडे लादी. ब्रशने धूळ ओढायच्या ऐवजी भिंतीपर्यंत उडवली. यंत्रात दोष नाही, घरात गालिचा नाही. म्हणून चादर अंथरून बघितली. चादर गिळली. तुळसाची होती, माहेरची. तिला सांगायचं नाही.

५ ऑक्टोबर
राजिवड्याच्या गुलाम रसूलने बोलावून यंत्र दिलं. तीस वर्षं जेद्दात ड्रायव्हर होता. यंत्र काय देखणं! लाल अंग, चकचकीत पट्टी, पिशवी गच्च भरलेली, कोणी उघडलीच नव्हती. गुलाम रसूल म्हणाला, भाऊ, तिकडचा करंट गोड, आपला तिखट. तिकडे व्होल्टेज निम्मं, मध्ये ट्रान्सफॉर्मर लावल्याबिगर बटन दाबू नको. मला हसू आलं. चौतीस वर्षं विजेच्या कचेरीत काढली मी, बिलिंगला का असेना. गोड करंट म्हणे!
त्याच्या बायकोने, हाजरा भाभींनी विचारलं, वहिनी दिसत नाहीत? म्हटलं माहेरी गेलीय, दिवाळीला येते. त्यांनी तुळसासाठी खजूर दिले. खजूर मी संपवले. दिवाळीपर्यंत टिकले नसते.

१२ ऑक्टोबर
मोठा विचार सुचला. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहायचं. का? तर ती केर काढते म्हणून. मग केर काढणारं एवढं थोर यंत्र घरात असताना केरसुणी कशाला? यंदा पाटावर जेद्दाचं! हळदकुंकू लावायचं, बटण दाबायचं, तुळसाच्या डोळ्यांदेखत घर साफ. तोंडच बंद. दुसऱ्या दिवशी पाडव्याला ओवाळणी म्हणून तेच तिला द्यायचं.
दादूला फोन करून सांगितलं. हायवेवर काजू-कोकम विकणारा माणूस, पण बोलतो मोठा. भावोजी, म्हणाला, गपचूप घर झाडून घ्या, ताई बॅग भरून बसलीय. बॅग भरून! म्हणजे येतेय. बाकीचं ऐकलं नाही.

१७ ऑक्टोबर
आज घर झाडायला घेतलं होतं. मग लक्षात आलं, मीच झाडलं तर यंत्र काय ओढणार? केर तसाच ठेवला.

२० ऑक्टोबर
नरकचतुर्दशी. पहाटे अंघोळ. तुळशीपुढे पायाने कडू कारीट फोडलं, एकट्यानेच. पाठीला उटणं लावायला हात पोचत नाही. उद्यापासून हा प्रश्न मिटेल.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन, दुपार
तुळसा आली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात नवी केरसुणी. बॅग जड होती, खांदा एका बाजूला गेला होता. तब्येत सुधारलीय, गाल भरलेत. जमिनीकडे बघितलं, पदर नाकाला लावला. म्हटलं, पाचच मिनिटं थांब.

त्याच दिवशी, रात्र
मुहूर्त संध्याकाळचा होता, मला दम निघाला नाही. हळदकुंकू लावलं, बटण दाबलं. पुढचा दिवा लागला, डोळे दिपतील असा. आवाज तर काय! क्षणभर वाटलं, जिंकलो. तुळसाच्या तोंडावर हसू होतं, देवाशपथ होतं. मग जळका वास आला, धूर आला आणि पिशवी फुटली. जेद्दाची धूळ, घरची धूळ, कुंकू, सगळं हवेत.
तुळसा ओटीवर जाऊन बसली. खोकत होती, थांबतच नव्हती. पाणी नेऊन दिलं, त्यातही धूळ पडलेली. शिव्या घातल्या असत्या तर चाललं असतं. श्वास जागेवर आल्यावर एवढंच म्हणाली, मी फक्त घर झाडायला सांगितलं होतं हो. मी म्हटलं, उद्या ट्रान्सफॉर्मर आणतो, पाडव्याला दुकानं उघडी असतात. त्यावर ती उठली.
साडेपाचच्या एसटीने गेली. बॅग मी घेतो म्हटलं, नको म्हणाली. उघडलीच नव्हती ती.
केरसुणी दाराशी राहिली. दिवे लागल्यावर केर काढू नये म्हणतात, लक्ष्मी जाते. काढला. कोरी केरसुणी, पूजेआधीच वापरली. माजघर, पडवी, ओटी. अर्ध्या तासात झालं. एवढंच काम होतं.

२२ ऑक्टोबर, पाडवा
घर लख्ख आहे. हातखंब्याला फोन केला, दादूने उचलला. ताईचा आत्ता कुठे डोळा लागलाय, म्हणाला, रात्रभर खोकत होती.
म्हटलं, उठवू नको. घर झाडलंय हे सांगायचं राहिलं.