खोक्यावरचा बाण

४ मार्च

दगड वर पडला!

संग्रहालयाच्या नव्या दालनात मांडायला आज आमच्या विभागप्रमुख सरांचं प्रसिद्ध खोकं उघडलं. आत जमिनीतून काढलेला खडकाचा लांब दांडा — थरांवर थर, मधेमधे रुतलेले गोटे. सरांचा अख्खा सिद्धांत यावर उभा: आधी शिंपल्यांचा उबदार समुद्र, मग एका दमात बर्फ. वीस वर्षं आम्ही तेच शिकवतोय. हा दांडा काढला त्या मोहिमेवर मीही होते. सगळ्यांत धाकटी, चिखलात बसून खोकी भरणारी.

तरंगत्या हिमखंडातून सुटलेला गोटा तळाच्या गाळात रुततो. खालचे थर दबतात. इथे वरचे दबलेत. म्हणजे एकतर गोटा तळातून उडी मारून वर आदळला, नाहीतर दांडा खोक्यात उलटा आहे. आधी बर्फ, मग समुद्र!

५ मार्च

पुन्हा मोजले. सात गोटे. सातही वर पडलेत.

६ मार्च

घरी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "दगडाला कसलं आलंय उलटंसुलटं? तू तर बरण्यांवरही बाण काढतेस. झाकण कुठे असतं ते कळतं गं आम्हाला!"

काढते. शेपटीला टिंब देऊन. सवय.

नवरा म्हणाला, "आधी बढती होऊ दे. मग फिरव पृथ्वी." मुलाखत सरच घेणार आहेत.

९ मार्च

सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग, "खोक्यावर बाण होता. बाणावर विश्वास ठेवला."

"कुणी काढला, सर?"

"वीस वर्षांत मी कुणाला विचारलं नाही. तूही विचारू नकोस."

धमकी! तीही इतक्या मऊ आवाजात. सिद्धांत यांचा, सत्कार यांचा, बाण तेवढा परका. खोक्यावर तर यांच्या नावाची पितळी पाटी ठोकलेली.

११ मार्च

भिंतीवर रंगारी बर्फ रंगवतोय, समुद्राच्या वर. म्हटलं, उलट करावं लागलं तर? "मला काय बाई, समुद्र वर काढतो. मासे खाली पडले तर मला बोलायचं नाही!"

आमच्या खात्यात विचार करणारा हा एकटाच.

१२ मार्च

ठरलं. उद्घाटनात सगळ्यांसमोर बोलणार. बढती गेली खड्ड्यात. भाषणाचं पहिलं वाक्य जमलं — "चूक कुणाची हे लपवणं विज्ञानाला शोभत नाही." तीनदा मोठ्याने वाचलं. छान वाटलं.

१४ मार्च

उद्घाटनाला तास आहे. पितळी पाटी घासायला सुताराने काढली. खाली जुना काळा बाण.

शेपटीला टिंब.

सुतार हातात खिळे घेऊन उभा आहे. "बाई, पाटी परत ठोकू ना?"

दुसऱ्यांदा विचारतोय.