एकतीस डिसेंबरच्या आधीचं घर

सिंगापूर,
१७ सप्टेंबर २०२५

प्रिय बाबा,

दोन माणसं नेमकी कोणत्या तारखेला एकमेकांची होतात? मला याचं उत्तर देता येत नाही. ब्रिटनच्या सरकारपाशी मात्र ते तयार आहे: ३१ डिसेंबर २०२०. त्या रात्री ब्रिटन युरोपच्या नियमांतून पुरतं बाहेर पडलं. अश्विनसारखे जे युरोपीय नागरिक आधीपासून तिथे राहत होते त्यांचे हक्क शाबूत राहिले. त्यांच्या माझ्यासारख्या भारतीय बायकांनाही तिथे जाऊन राहता येतं, पण नातं त्या तारखेच्या आधीचं असेल तरच. जावई गोव्याचा आणि पासपोर्ट पोर्तुगालचा, हे काय गौडबंगाल, असं तुम्ही सोयरिकीच्या वेळी विचारलं होतंत. त्याच्या वडिलांचा जन्म पोर्तुगीज अमलातला, एवढंच ते गौडबंगाल. पण त्याच पासपोर्टवर तो विसाव्या वर्षी इंग्लंडला गेला, आणि आज तोच आमचा एकमेव आधार आहे.

त्या डिसेंबरात आम्ही कुडाळला आलो तेव्हा अश्विनने तुम्हाला हात जोडून सांगितलं होतं, की एकतीसच्या आत देवळात चार माणसांत लग्न लावू या. तुम्ही म्हणालात, धनुर्मासात? माझी मुलगी काय पळून चालली आहे? संक्रांत होऊ दे, चांगला मांडव घालतो. घातलात. अठरा जानेवारी. अठरा दिवसांचा उशीर. मी तेव्हा तोंड उघडलं नाही, त्यामुळे तुमच्यावर रागवायचा मला अधिकार नाही. नंतर अश्विन इंग्लंडला परतला, मी पीएचडीसाठी इथेच राहिले, आणि चार वर्षं आमचा संसार फोनवर चालला. तिथे त्याच्याजवळ असलेल्या त्याच्या आजारी आईपायी तो अर्धवेळच काम करतो, म्हणून पगाराची अट असलेला नेहमीचा व्हिसा आम्हाला मिळण्यासारखा नाही. आणि खरं सांगू, माझा हक्क समोर असताना मी दुसऱ्या दारी विनवणी का करावी?

हक्काचा रस्ता एकच होता. लग्न उशिरा झालं तरी त्या तारखेआधी आम्ही जोडीदार म्हणून एकत्र राहत होतो, हे सिद्ध करायचं. म्हणून मार्चमध्ये मी तुम्हाला फोनवर म्हटलं, की आमचं नातं जुनं आहे असं दोन ओळींत लिहून द्या. तुम्ही दोन ओळींवर थांबणारे नव्हेच. वकिलाकडे जाऊन स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र केलंत: ‘माझी मुलगी विनीता सुसंस्कारित असून विवाहापूर्वी ती अश्विन यांच्यासमवेत एकही दिवस राहिलेली नाही.’ माझ्या चारित्र्याचा दाखला दिलात, बाबा. मी तो वाचला, एक अख्खा दिवस रडले, आणि तुम्हाला खरं सांगून दुसरा कागद मागायची हिंमत नव्हती म्हणून इंग्रजी करून अर्जाला जोडला. जूनमध्ये नकार आला. कारण म्हणून तुमचंच वाक्य होतं, जसंच्या तसं.

आमच्या बुकित पंजांगमध्ये एलआरटी, म्हणजे इथली छोटी रेल्वे, घरांच्या अगदी जवळून जाते. घरं आली की डब्याच्या काचा आपोआप धूसर होतात, कुणाच्या स्वयंपाकघरात नजर जाऊ नये म्हणून. तुमच्याशी व्हिडिओवर बोलताना मी तेच करत होते. माझी रूममेट सुलेखा ऑक्टोबर २०१८मध्येच दुसरीकडे राहायला गेली. तिच्या जागी कंपनीने काही वर्षांसाठी इथे पाठवलेला अश्विन आला, इंग्लंडमधला कायम राहण्याचा हक्क शाबूत ठेवून. आईने दर खेपेला सुलेखासाठी म्हणून पाठवलेलं मालवणी खाजं सव्वादोन वर्षं तुमचा जावई खात होता. फोन आला की कपबशी घेऊन बाल्कनीत जायचा आणि दार लोटून घ्यायचा. बाबा, त्या घरात लाज वाटण्यासारखं काहीही नव्हतं. पाळीपाळीने भांडी होती, माझा अभ्यास होता, त्याने केलेली करपलेली भाकरी होती. चोरटा होता तो फक्त तुमचा फोन उचलतानाचा माझा आवाज.

मी घरातली पहिली पदवीधर. माझ्या पदवीचे पेढे तुम्ही काळ्या हातांनी अख्ख्या गॅरेजात वाटलेत. त्याच गॅरेजात मालकाने दम दिला तरी ब्रेक दुरुस्त न केलेला ट्रक तुम्ही बाहेर सोडला नव्हतात, आणि दोन महिने घरी बसला होतात. आत बिघाड असताना वरून पुसून गाडी देणार नाही, असं तुम्ही त्याला तोंडावर सांगितलंत. मी तेव्हा सातवीत होते. तुमच्याकडून मी संस्कार म्हणून जे घेतलं ते हे, बाबा. प्रतिज्ञापत्रातलं नव्हे.

काल मी नवा अर्ज दाखल केला आणि बोटांचे ठसे देऊन आले. तुमच्या कागदाशी जुळणार नाही म्हणून मागच्या वेळी न जोडलेला दोघांच्या नावाचा भाडेकरार जोडला, वीज-पाण्याची बिलं जोडली. शेजारच्या मिसेस टान यांनीही लिहून दिलं. मी भीत भीत विचारायला गेले तर त्या हसल्या, स्टे टुगेदर लाह, एकत्रच तर राहायचात, रोज भांड्यांवरून भांडायचात, माझ्या टीव्हीपेक्षा मोठ्याने. आणि तुमच्या कागदाबद्दल मी माझ्या सहीने लिहिलं, की वडिलांनी त्यांना जे खरं वाटत होतं तेच लिहिलं. खोटं मी त्यांच्याशी बोलले होते. ऑक्टोबर २०१८पासून आम्ही एका घरात, लग्नाशिवाय आणि स्वतःच्या मर्जीने राहत होतो. निकाल काय लागेल ठाऊक नाही. नकार आला तर दाद मागेन. पण एका परक्या अधिकाऱ्याला जे सांगितलं ते तुम्हाला शेवटी, आणि तेही दुसऱ्या कुणाकडून, कळावं हे मला सहन होणार नाही, म्हणून हे पत्र. माफी फक्त खोटं बोलल्याची मागते, राहिल्याची नाही. अर्जाची एक प्रत या पाकिटात घातली आहे. तिसऱ्या पानावर माझी सही आहे, पूर्ण नावाची, तुमच्या नावासकट.

तुमचीच,
विनीता