चार बटणांचं कव्हर

१ तारीख, रविवार. संध्याकाळी ६:२०

कॉम्प्युटर पुन्हा हँग. अकरावी रेस. दुसरी फेरी, पाण्याच्या टाकीचं वळण, आणि माझी लाल गाडी जागच्या जागी गोठली. मी आता पुढे जाणारच होतो. साडू पुढे होता हे खरं, पण फार नाही, जेमतेम अर्धी फेरी. तिसऱ्या फेरीत मी सगळं भरून काढतो. कुणी पाहिलेलं नाही एवढंच, कारण तिसरी फेरी अजून आलेलीच नाही.

साडू त्याच्या घरून खेळतो, फोन स्पीकरवर ठेवून. हँग झालं की विचारतो, काय दादा, स्टॅच्यू? मागे मेहुणी फिदीफिदी हसते. आज तर सरळ स्टॅच्यूदादा म्हणाला. मी थोरला जावई. वयाने सहा वर्षांनी मोठा.

सासरेबुवा रिटायर्ड पीटी मास्तर. दर रविवारी स्टॉपवॉच आणि वही घेऊन माझ्या मागे बसतात. हँग झालेली रेस रद्द, हा त्यांचा नियम. अकरा रेस, अकरा रद्द. म्हणजे अजून तरी बरोबरी.

याचा सूड घेणार. लिहून ठेवतोय, म्हणजे विसरायला नको.

२ तारीख, सोमवार. ऑफिस, जेवणाची सुट्टी

रेकॉर्ड रूममध्ये शांत बसून विचार केला. कॉम्प्युटर मुळात कुणाचा? साडूचा. आमच्याकडे दोन झालेत दादा, एक तुम्हाला घ्या, असं गोड बोलून दिला. फुकट कोण देतं हो? आत काहीतरी करूनच दिलाय. मी पुढे जायला लागलो की बंद पडेल असं काहीतरी.

फोनमध्ये त्याचं नाव खोडून 'शत्रू' केलं. बरं वाटलं.

४ तारीख, बुधवार

रजा टाकून कॉम्प्युटर रिपेअरवाल्याकडे नेला. त्याने आधी कव्हरच हातात घेतलं आणि विचारलं, हे काय? सांगितलं, सीपीयूचं कव्हर आहे, मी स्वतः शिवलंय. सोफ्याचं उरलेलं रेक्झिन, आतून फ्लॅनेल, खाली चार टिचबटणं, वायरींपुरती फट. बत्तीस वर्षं रेकॉर्ड सांभाळतोय, माझ्या सेक्शनमध्ये एक फाईल उघडी दिसणार नाही. घरी मिक्सर, रिमोट, शिलाई मशीन, सगळं कव्हरमध्ये. त्याने ते काढून बाजूला ठेवलं. गुणाची कदर नाही लोकांना.

त्याने गेम लावून तीन तास मशीन चालवलं. एकदाही हँग नाही. म्हणे मशीन झकास आहे, धूळ जरा जास्त दिसते, हवा खेळती ठेवा.

येताना रिक्षात विचार केला. हवा येणार म्हणजे सोबत धूळ येणारच. दोन्ही कसं जमणार? याला स्वतःच्या धंद्यातलं कळत नाही. घरी आल्यावर फ्लॅनेलचा आणखी एक थर लावला आणि मागची फट वायरी जेमतेम जातील इतकी शिवून टाकली. आता आत मुंगीसुद्धा जाणार नाही.

७ तारीख, शनिवार

अँटीव्हायरस टाकला. माऊस बदलला. टेबल खिडकीकडून भिंतीकडे फिरवलं. बायको म्हणाली, एवढी मेहनत खेळण्यावर घेतली असती तर? दुर्लक्ष केलं. माहेरची बाजू घेणारच ती.

८ तारीख, रविवार. ५:१५

बारावी रेस. पहिल्याच फेरीत हँग. सासरेबुवांचं स्टॉपवॉच अजून धड सुरूसुद्धा झालं नव्हतं. आधी दुसऱ्या फेरीत होत होतं, आता पहिल्या. याचा अर्थ उघड आहे. शत्रू घाबरलाय.

१० तारीख, मंगळवार

पुन्हा रिपेअरवाला. पुन्हा कव्हर काढून बाजूला ठेवलं, पुन्हा चार तास गेम चालली, पुन्हा काही नाही. तो हसला. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा साडूचा माणूस. सरळ विचारलं, माझ्या साडूला ओळखता ना? त्याने विचारलं, कोण साडू? अभिनय चांगला करतो.

याचा पण नंबर लावणार. साडूनंतर.

१३ तारीख, शुक्रवार. संध्याकाळ

फोन वाजला. मुलीने उचलला आणि अख्ख्या घराला ऐकू जाईल अशी हाक मारली, बाबा, शत्रूचा फोन आहे. पलीकडून सात मजली हसणं. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी दहा मिनिटं पेपर तोंडासमोरून खाली घेतला नाही. कालचा पेपर होता.

साडू म्हणाला, दादा, फोनवर मजा नाही. २२ तारखेला सगळे तुमच्याकडेच येतो, माझं मशीन घेऊन. एका खोलीत बसून पाच रेस. सासरेबुवा तिकडेच होते, त्यांनी लगेच अट घातली. मी जिंकलो तर स्टॅच्यू हा शब्द कुटुंबात पुन्हा निघायचा नाही. हरलो तर त्या नावाने हाक आली की ओ द्यायची. जन्मभर. मी तत्काळ हो म्हणालो. कारण हरण्याचा प्रश्नच नाही. आजपर्यंत एकदा तरी हरलोय का?

१५ तारीख, रविवार

सराव. दोनदा पहिल्याच फेरीत हँग. हरकत नाही. हात तयार आहे.

मुलगी आगाऊ झालीय. म्हणाली, बाबा, बाराच्या बारा रेसमध्ये हँग झालं तेव्हा तुम्ही मागेच होता. मी सांगितलं, मागे राहणं हा डावपेच असतो. ती म्हणाली, आणि हात लावून बघा, कव्हर केवढं तापलंय. मी म्हणालो, उबदार आहे, चांगल्या रेक्झिनची हीच खूण.

१७ तारीख, मंगळवार. ऑफिस

जिंकल्यावर करायचं भाषण लिहिलं. सव्वा पान. पहिल्या वाक्यात क्षमा, दुसऱ्यापासून खरडपट्टी. शेवटी कॉम्प्युटर साडूच्या हातात परत देणार. घ्या, तुमचं तुम्हाला लखलाभ. कव्हर मात्र देणार नाही.

२१ तारीख, शनिवार

उद्या पाहुणे. सगळ्यांसमोर मशीन नीट दिसायला हवं म्हणून कव्हर धुतलं. साबणाच्या पाण्यात घालून, ब्रशने घासून. पाणी काळं निघालं. बायकोने विचारलं, एका दिवसात वाळेल का? म्हटलं, न वाळायला काय झालं.

२२ तारीख, रविवार. सकाळी ८:००

वाळलं नाही. फ्लॅनेलचे दोन थर आहेत, पाणी धरून बसलेत. मशीन उघडंबोडकं ठेवावं लागणार. लाज वाटते. पण भाषण पाठ आहे.

संध्याकाळी ७:३०

घडलं ते लिहितो.

पहिली रेस. पाण्याच्या टाकीचं वळण आलं. साडू पुढे होता, नेहमीसारखा अर्धी फेरी. मी वळणावर हात सैल सोडले आणि वाट पाहिली. गोठलं नाही. गाडी सरळ टाकीवर जाऊन आदळली. मागून मुलगी म्हणाली, बाबा, चालवा ना. मग तिसरी फेरी आली. पहिल्यांदाच पाहिली. एक बोगदा आहे तिथे, मला माहीतच नव्हता.

पाच रेस झाल्या. एकदाही हँग नाही. प्रत्येक वळणावर मी वाट पाहत होतो. चौथीत तर मनातल्या मनात विनवणी केली, अरे, आता तरी. मशीन लोण्यासारखं चाललं.

सासरेबुवांनी वहीत लिहिलं, ५-०. खाली दोन रेघा मारल्या.

साडू चिडवेल असं वाटलं होतं. नाही चिडवलं. पाठीवर हात ठेवून म्हणाला, दादा, मशीन मस्त ठेवलंय तुम्ही. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. वर मेहुणी सहज बोलून गेली की दोन्हींपैकी चांगलं होतं ते यांनी तुम्हाला दिलं भाऊजी, स्वतः जुन्यावर खेळतात, तुमची नजर आताशा कमी झालीय ना म्हणून. मी चष्मा पुसायला आत गेलो. भाषण खिशातच राहिलं. सव्वा पानात याला उत्तर नव्हतं.

२३ तारीख, सोमवार. संध्याकाळी ६:४५

फोन आला. नाव मी सकाळीच बदलून पूर्वीचं केलं होतं. पलीकडून विचारलं, स्टॅच्यूदादा आहेत का? सासरेबुवा कालपासून आमच्याकडेच मुक्कामाला, समोरच बसलेले. मी ओ दिली.

त्याने विचारलं, येत्या रविवारी पुन्हा, आपापल्या घरून? हो म्हणालो.

कव्हर वाळलं होतं. दोरीवरून काढलं, झटकलं, मशीनवर चढवलं. चारही बटणं लावली, एकेक दाबून पाहिलं. मुलगी दारात उभी होती. म्हणाली, बाबा, याने पुन्हा हँग होईल हो.

मी म्हणालो, धूळ फार बसते.