टाकावरचा चेहरा

५ जानेवारी
हिचं वर्षश्राद्ध तिथीने ९ फेब्रुवारीला येतं. त्याआधी हिचा चांदीचा टाक देव्हाऱ्यात आई आणि चुलतीच्या टाकांशेजारी बसवायचा. ठरवलं, आपल्या घरात पहिल्यांदाच टाकावर खरा चेहरा असेल. आजवर सोनाराने साच्यावर पत्रा ठोकायचा, लुगडं नेसलेली कुठलीतरी बाई उठवायची आणि आपण तिला आई म्हणायचं. घराण्यात निरीक्षणशक्ती कोणालाच नव्हती.
फोटो लागणार नाही. ही पस्तीस वर्षं समोर होती.

६ जानेवारी
मेहुणी सविता कुरवंड्याहून आली. भिंतीवरचा फोटो कुठे गेला, विचारत होती. ट्रंकेत ठेवलाय म्हटलं. मी डोळे मिटले की ही दिसते, खिळ्याची गरज नाही. सविताने पदर तोंडाला लावला. भारावली असावी.

११ जानेवारी
पुतणी प्रेरणा पुण्यात मानसशास्त्र शिकते. माणसं डोळे मिटून मनात जी चित्रं बघतात, त्यावर तिचा प्रबंध आहे. अशा गोष्टींना हल्ली प्रबंध म्हणतात. सोळा प्रश्नांचा फॉर्म दिला. जवळच्या माणसाचा चेहरा, चालण्याची ढब, उगवता सूर्य वगैरे डोळ्यांसमोर आणून गुण द्यायचे. काहीच दिसलं नाही तर एक, समोर असल्यासारखं दिसलं तर पाच.
सोळाही ठिकाणी पाच दिले. दोन मिनिटांत. प्रेरणा म्हणाली, काका, तुम्ही डोळे मिटलेच नाहीत. सराव असलेल्याला मिटावे लागत नाहीत, म्हटलं.
तिने सांगितलं की काही लोकांना चित्र दिसतच नाही. माहिती सगळी असते, चित्र नसतं. पुष्कळांना म्हातारपणापर्यंत पत्ताही नसतो, इतरांचंही असंच असेल असं वाटतं. बिचारे. त्यांच्यासाठी कोणीतरी काहीतरी करायला हवं.

१२ जानेवारी, दुपारी
जेवून डोळे मिटून बसलो. अंधार. भाजी वांग्याची होती, वांग्याने डोकं जड होतं. उद्या उपाशीपोटी.

१३ जानेवारी
उपाशीपोटी बसलो. अंधार. भुकेने लक्ष लागलं नाही.

१८ जानेवारी
प्रेरणा लॅपटॉप आणि कॅमेरा घेऊन आली. खरा उजेड बघितला की डोळ्याची बाहुली बारीक होते. नुसती उजेडाची कल्पना केली तरी थोडी होते म्हणे, ज्यांना चित्र दिसतं त्यांची. माझी खऱ्या उजेडाला चोख बारीक झाली. कल्पनेच्या उजेडाला ढिम्म. मोतीबिंदूच्या थेंबांचा परिणाम. तिला तसं लिहून घ्यायला सांगितलं.
मग, काकू असतानाचं स्वयंपाकघर आठवून कागदावर काढा म्हणाली. इथे जिंकलो. सत्तावीस चौकोन, प्रत्येकात नाव. मेथीदाणे, नाचणीचं पीठ, सुतळी. प्रेरणाने जाऊन ताडून पाहिलं, एकही जागा चुकली नाही. पण यात चित्र कुठंय काका, म्हणाली. एकोणतीस वर्षं कारखान्यात स्टोअरकीपर होतो. डब्याला नाक-डोळे काढायचे असतात हे माहीत नव्हतं.

२२ जानेवारी
लोणावळ्याच्या बाजारात प्रदीपशेठ सोनारांकडे. टाकाचं सांगितलं. ते पेन्सिल घेऊन बसले.
चेहरा गोल की लांबट? बेताचा.
नाक? जागच्या जागी.
कुंकू? रोज.
त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "भाऊ, हे वर्णन नाही, ही हजेरी झाली." फोटो आणा म्हणाले. कारागिरांना हल्ली आयतं लागतं.

२३ जानेवारी
ट्रंक उघडली. केवळ पडताळणीसाठी. फोटोत हिच्या हनुवटीवर डाग. काच ओल्या फडक्याने पुसली, गेला नाही. रांगोळी लावून घासत होतो तेवढ्यात सविता आली.
"दाजी, काच कशापायी घासताय? तीळ हाय त्यो. जल्माचा."
माहीत आहे म्हटलं. काच किती स्वच्छ आहे ते बघत होतो.
तिने फोटो माझ्या हातातून घेऊन पदराने कोरडा केला. मग म्हणाली, "आक्का म्हनायची, ह्यांनी माज्याकडं कंदी नीट बगितलंच न्हाई."
हिला थट्टेची सवय होती.

२४ जानेवारी
फोटो समोर धरून दहा मिनिटं बघितलं. डोळे मिटले, गेली. उघडले, आली. मिटले, गेली. असं बावीस वेळा. फोटोचा दर्जा बरा नाही.

२७ जानेवारी
प्रेरणाचा फोन. फॉर्ममध्ये मला ऐंशीपैकी ऐंशी, आणि चाचणीत त्याचा मागमूस नाही. मग उगाच हळू आवाजात म्हणाली, काका, हा आजार नाही. चित्र दिसत नाही म्हणजे माया नव्हती, असंही नाही. मी विचारलं, कोणाबद्दल बोलतेस? पलीकडे शांतता. आमच्या मळवलीत रेंजचा त्रास आहेच.

३ फेब्रुवारी
फोटो घेऊन प्रदीपशेठकडे. म्हणाले, एवढ्याशा पत्र्यावर तीळ काढायचा म्हणजे भोकच पडायचं. मग साच्यावरच ठरलं. साचा त्यांच्या आजोबांचा. आई आणि चुलती त्यातूनच निघालेल्या. तेही टाक झिजून सपाट झालेत, तेव्हा तिन्ही नव्याने ठोकून घ्या म्हणाले. जुनी चांदी वळती होणार, काटकसर म्हणून हो म्हटलं. मागे खूण म्हणून एकेक अक्षर कोरू का, विचारत होते. नवऱ्याला बायको ओळखायला खूण लागते का? चांगलं सुनावलं.

८ फेब्रुवारी
टाक आणले. तिन्ही एकाच पुडीत.
पुडी सोडली. चकचकीत काम आहे. तिघी हुबेहूब सारख्या.
चष्मा पुसून पुन्हा बघितलं. भिंगाने बघितलं. खिडकीशी नेलं. एक जरा थकलेली वाटते. पण चुलतीही थकलेली असायची.

९ फेब्रुवारी
श्राद्ध व्यवस्थित झालं. सविता हळदकुंकू घेऊन देव्हाऱ्यासमोर बसली. म्हणाली, "दाजी, ह्यातली आक्का कंची?"
बघ की नीट, म्हटलं. सख्खी बहीण आहेस.
तिने तिघींवरून नजर फिरवली. एकीवर थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणजे ओळख पटली असणार. कुंकू मात्र तिने तिघींनाही लावलं.
कोणती, हे तिला विचारायचं होतं. ती जाईपर्यंत शब्द जुळवत होतो. साडेपाचच्या गाडीने गेली.