पुढच्या खोलीतल्या दोघी

३ मार्च, मंगळवार

पुन्हा हसल्या! मी आत पलंगावर, त्या दोघी पुढच्या खोलीत खुर्च्या विणतायत. काय झालं म्हणून उठून गेलो तर दोघी गप्प. "काही नाही हो, पडा तुम्ही," ही म्हणाली. माझी धाकटी बहीण तर मान खाली घालून, वेताची पट्टी दातात धरून बसलेली. हसू दाबायला! माझ्यावरच हसत असणार, दुसरं काय.

४ मार्च, बुधवार

झोप लागली नाही. या दोघींचं आमच्या लग्नापासून कधी पटलं नव्हतं. ही म्हणायची, "तुमच्या बहिणीला जरा समजवा." धाकटी म्हणायची, "दादा, वहिनीला आवर." मी दोघींचं ऐकून घ्यायचो. दोघींना "बघतो" म्हणायचो. घरात माझ्यावाचून पान हलत नव्हतं!

मग धाकटीचा नवरा गेला. त्याचं खुर्च्या विणायचं काम तिनं उचललं. एकटीला झेपेना म्हणून हिला शिकवलं. साठीला टेकलेल्या बायका, आणि आता म्हणे धंदा! माझ्याकडे एकीचीही तक्रार येत नाही. चहा प्यायलात का, एवढंच विचारतात. तेही दारातून.

७ मार्च, शनिवार

हॉटेलवाला आला होता. त्याच्या सगळ्या खुर्च्या यांच्याकडूनच विणून घ्यायच्या म्हणतो. "पण मावशी, एवढ्या खुर्च्या इथं ठेवणार कुठं?" बाजारापलीकडे एक गाळा रिकामा आहे म्हणे. धाकटीनं लगेच हिच्याकडे पाहिलं. हिनं माझ्याकडे पाहिलं नाही!

तो गेल्यावर मी म्हटलं, "मला विचारायची काही पद्धत?"

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतात?"

"नको म्हटलं असतं!"

"म्हणून," ही म्हणाली. धाकटी फिस्सकन हसली.

त्या गाळ्यात गेल्या की घर दिवसभर रिकामं. माझी गोळी कोण देणार? छातीत धडधडलं तर हाक कुणाला मारू, भिंतीला?

८ मार्च, रविवार

कडी दोनदा पाहिली. गॅस तीनदा. बाकी काही नाही.

१० मार्च, मंगळवार

आज एक केलं.

धाकटी घरी गेल्यावर पुढच्या खोलीत गेलो. हिनं नुकतीच विणून ठेवलेली खुर्ची अंगठ्यानं दाबली. दबली! मग हिला म्हटलं, "धाकटी म्हणत होती, तुझी वीण सैल असते. तोंडावर बोलत नाही, इतकंच." अगदी सहज म्हटलं.

हिनं खुर्चीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "वन्सं म्हणाल्या?"

"हो तर."

"या खुर्चीला?"

"याच!"

होऊ दे आता काय व्हायचं ते. भांडल्या की गाळ्याचं आपोआप बारगळेल.

११ मार्च, बुधवार

सकाळपासून कान टवकारून होतो. धाकटी आल्या आल्या हिनं विचारलं, "वन्सं, माझ्या विणीला सैल म्हणालात तुम्ही?"

माझा कप हातातच राहिला. धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणाले असेन, वहिनी. चुकलं माझं." आणि सुरी घेऊन वेत सोलायला बसली.

झालं! एवढंच! मी भांडणाची वाट बघत बसलो. थोड्या वेळानं हिनं तिच्यापुढे बिस्किटं ठेवली. "घ्या, सकाळपासून काही खाल्लं नसेल तुम्ही." मला कधी विचारते का असं?

१३ मार्च, शुक्रवार

न राहवून मीच विचारलं, "धाकटीवर रागावली नाहीस?"

ही टबात पट्ट्या भिजत घालत होती. "वेत ओलाच विणायचा असतो. ओला आहे तोवर कुणीही दाबला तरी दबतो. वाळला की आवळतो. हे मला शिकवलं कुणी? वन्संनीच ना? त्या ओल्या खुर्चीला सैल म्हणतील?"

"मग तिनं हो का म्हटलं?"

"तुमचा मान राहावा म्हणून." हात पाण्यातच. "इतकी वर्षं आम्ही एकमेकींचं बोलणं तुमच्याच तोंडून ऐकलं. त्यातलं खरं किती, हे आता दोघी जुळवून बघतो. कधी हसू येतं. कधी नाही येत."

मला नाही आठवत. माणूस सांगताना थोडं इकडंतिकडं होतंच! पण एवढी वर्षं या दोघींनी दुसरं कुणाला काही सांगितलं का? मलाच ना?

१५ मार्च, रविवार

गाळा घेतला. वर एक खोली आहे. तिथं दोन खाटा मावतात, असं ही सांगत होती. तिसऱ्या खाटेचं मी विचारलं नाही. हिनंही काढलं नाही.