ब्याण्णव टक्क्यांवर

४ नोव्हेंबर, सोमवार
परळच्या दुकानात पहिला दिवस, आणि झकास गेला! मालक अच्युतकाका गिरगावातले, बोलायला मऊ. चहा स्वतःपुरताच मागवतात म्हणे, पण आज माझ्यासाठीही मागवला, म्हणजे स्वारी खूश आहे. चिपळूणला दोन वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त केलेत, इथे काय अडणार? काकांनी एकच नियम सांगितला: विंडोज नव्याने टाकताना सी ड्राइव्ह खुशाल उडव, डीला हात लावू नकोस, गिऱ्हाइकाचा सगळा संसार डीमध्ये असतो. मनात म्हटलं, हे मला शिकवताय होय!

५ नोव्हेंबर
मागच्या चाळीतल्या जाईबाई आल्या. मी त्यांना लगेच मावशीच म्हणायला लागलो. त्यांच्या यजमानांचा, शामरावांचा, जुना कॉम्प्युटर घेऊन आल्या. शामरावांना जाऊन रविवारी वर्ष होईल. ते भीमगीतं गायचे, स्वतःच रेकॉर्ड करून यात ठेवायचे. वर्षाच्या पुण्यानुमोदनाला ती लावायची आहेत, शिवाय शीवला लेकीला, दीपिकाला, पाठवायची आहेत. म्हणून चाळीत नव्याने आलेल्या वायफायला हा जोडून हवाय. “बाळा, दुसरीकडं कुठं नाय रे त्यांचा आवाज,” म्हणाल्या. मी मान डोलावली. खरं तर माझं लक्ष मोबाईलमध्ये होतं.

वायफायचा बोटभर अडॅप्टर लावला, तो चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, टाकायला घेतला, तर ब्याण्णव टक्क्यांवर कॉम्प्युटर हँग. माउसचा बाणसुद्धा हलेना. पोर्ट बदलला, अँटिव्हायरस बंद केला, जुना ड्रायव्हर काढला, सेफ मोडमध्ये गेलो. दर वेळी ब्याण्णव.

६ नोव्हेंबर
वैतागलो. डी उघडून पाहिला, रिकामा. म्हटलं, मावशींचा गैरसमज असणार. एक फोन करून विचारायला काय झालं होतं मला? सी उडवला, नवं विंडोज टाकलं. तासाभराने कॉम्प्युटरच्या पिशवीत शामरावांच्या हातची चिठ्ठी सापडली: गाणी डेस्कटॉपवर आहेत. डेस्कटॉपवरचं सगळं सीमध्येच असतं. फायली परत आणायचं सॉफ्टवेअर चालवलं. गाण्यांची नावं तेवढी आली, वाजेना एकही.

मावशींना फोन केला आणि सांगितलं की हार्ड डिस्क आधीच गेली होती. त्या म्हणाल्या, “तू तरी काय करणार, पोरा. जेवलास का?” मेल्याहून मेल्यासारखं झालं.

७ नोव्हेंबर
निदान वायफाय तरी जोडून द्यावं म्हणून बसलो, तर नव्या विंडोजवरही ड्रायव्हर ब्याण्णवलाच अडला. पण आज हँग झाल्यावर स्पीकरमधून कुणीतरी श्वास घेतला. गाणारा माणूस सूर लावण्याआधी छाती भरून घेतो, तसा. पुढे काही नाही. तो श्वास सोडलाच नाही. स्पीकरची वायर काढली, तरी तेच. काकांना काही ऐकू आलं नाही. दुसरा अडॅप्टर लावून बघ म्हणाले.

८ नोव्हेंबर
अडॅप्टर बदलला. ब्याण्णव. या वेळी टेबलफॅनही थांबला. बाहेर बसचा हॉर्न अर्ध्यावर तुटला. काकांचा कप ओठाशी तसाच. आणि तो श्वास, माझ्या कानाशी. बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला, तेव्हा सगळं पुन्हा सुरू झालं. काकांनी चहाचा घोट घेतला, त्यांना काही पत्ता नाही.
शामरावांना माहीत आहे. मी काय केलं ते त्यांना माहीत आहे.

९ नोव्हेंबर
काकांना खरं सांगायला गेलो. “काका, ती गाणी” — एवढंच. छाती भरली आणि तशीच राहिली. श्वास सुटेना. काकांना वाटलं, ठसका लागला. काही नाही, असं सांगायचं मनात आणलं, तेव्हा सुटला.
खोटं बोलताना काही होत नाही. खऱ्यापाशीच अडतं. लाज वाटते स्वतःची.

१० नोव्हेंबर, रविवार
मावशींच्या घरी आलो. त्यांनीच बोलावलं होतं. मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण झालं. मावशींनी सगळ्यांना सांगितलं, या पोरानं लई खटपट केली. दीपिकाने मला हात जोडले. मला —
उठलो. तोंड उघडलं. नाही —
बाहेर जिन्यावर बसून लिहितोय. बोलता येत नाही, पण हात चालतोय. लिहून वही मावशींच्या हातात देईन —
छाती भरत चाललीय —
आत पंचशील चाललं होतं. अर्ध्या शब्दावर थांबलं. समोर जिन्यात एक बाई, पाऊल अधांतरी —
लवकर —
मावशी, डिस्क गेली नव्हती. शामरावांची गाणी मी —