अर्ध्या सेकंदाची उसंत

नगर,
ता. १२ मार्च १९७३

प्रिय कानिफनाथ,

तुला व घरच्यांना नमस्कार. छबूमावशींचा खोकला कमी झाला का? इकडे दया आणि मुलं बरी आहेत. पाण्याचे हाल तसेच. टँकर आला की सगळी वस्ती हंडे घेऊन भांडते. वर्कशॉपात तुझी बॅटरीगाडी दुरुस्त झाली, पण तिच्यावर बसायला कुणी राजी नाही.

विजयमालावहिनी, पत्र तुम्हीच त्याला वाचून दाखवणार, ठाऊक आहे मला. मध्ये थांबू नका.

परवा राहुरीला आलो तेव्हा तू म्हणालास, "माझ्याच हातानं माझे डोळे गेले रे प्रभू. येवढी कसली घाई हुती मला!" आणि मी काय म्हणालो? "जाऊ दे, झालं ते झालं." वर मावशींनी वाढलेली भाकरी खाल्ली. "तू हुतास म्हनून माजं लेकरू वाचलं," म्हणाल्या, तेही गिळलं. लाज कशी वाटली नाही मला!

ऐक. गाडी पुढंमागं नेणारी ती पेटी तू कधी उघडली नाहीस. आत चार ट्रान्झिस्टर आहेत, म्हणजे विजेचे चार दरवाजेच समज. वर एक, खाली एक, अशा दोन जोड्या आणि मधोमध मोटार. एका जोडीला अर्धा पूल म्हणतात, दोन्ही मिळून पूर्ण पूल. डावीकडचा वरचा आणि उजवीकडचा खालचा उघडला की गाडी पुढं. उरलेले दोन उघडले की मागं. पण एकाच जोडीतला वरचा आणि खालचा एकदम कधी उघडा राहता कामा नये. मग वीज मोटारीकडे जातच नाही, बॅटरीच्या एका टोकातून थेट दुसऱ्या टोकात घुसते. आणि हे दरवाजे बंद व्हायला जरा वेळ घेतात. म्हणून दिशा बदलताना अर्धा सेकंद चारही बंद राहतील, अशी सोय मीच केली होती. तू दिशा बदलायची दांडी कितीही जोरात ओढ, पेटी थांबणारच.

डिसेंबरात मुंबईचे पाहुणे यायचे होते. साहेब म्हणाले, "गाडी दिशा बदलताना अडखळते, बरं दिसत नाही." ते थांबणं कशासाठी आहे, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. आदल्या दिवशी ती उसंत काढून टाकली. चार-पाच वेळा चालवून पाहिली, काही झालं नाही. तुला बोललो नाही. बोललो असतो तर तू दांडी मध्ये धरून थांबला असतास.

दुसऱ्या दिवशी तू दांडी रोजच्यासारखीच ओढलीस. तारा लाल झाल्या, ठिणगी उडाली, बॅटरी फुटली आणि ॲसिड तुझ्या तोंडावर. मी तुला नळाखाली धरलं, हे खरं. पण चौकशीच्या कागदावर "चालवणाऱ्याची घाई" असं लिहिलंय, त्याखाली सही माझी आहे.

काल लेखी कबुली साहेबांपुढे ठेवली. वाचून म्हणाले, "प्रभुदास, पोरंबाळं आहेत तुला. घरी जा." कागद परत दिला. तोच सोबत जोडला आहे, सहीसकट. घेऊन कोर्टात जा, साक्षीला मी उभा राहीन. नोकरी जाईल. दयाला सांगितलं, ती रडली, पण पत्र टाकून ये म्हणाली.

यानं तुझे डोळे परत येणार नाहीत. पण तुझ्या हातांनी काही केलेलं नाही, कानिफ. त्यांना शिव्या देऊ नकोस.

वहिनी, राग माझ्यावर काढा, पत्र चुलीत घालू नका. मावशींना जवळ बसवा आणि पुन्हा एकदा मोठ्यानं वाचा.

तुझे डोळे घालवून वर तुझंच नाव पुढं करणारा,
प्रभुदास